चारशे सतरा नंबरचा कोट

व्हॅन साडेनऊला यायची होती आणि आत्याने पहाटेच दुकानाची किल्ली लपवून ठेवली होती.

"लपवलेली नाही," ती चहाच्या टेबलावर चौथ्यांदा म्हणाली. "जपून ठेवलीय. कुठे ते आत्ता आठवत नाही, एवढंच."

थोरला पुतण्या कपाळाला हात लावून बसला. लाँड्रीचा सगळा कारभार आता त्याच्याकडे होता, पण किल्ली काही अजून त्याच्याकडे आली नव्हती. "आत्या, चाळीस वर्षांत दुकानात आलेल्या एकूण एक गिऱ्हाइकाच्या कॉलरचं माप तुला आठवतं."

"कॉलर वेगळी, किल्ली वेगळी."

"बरोबर आहे," अण्णा पावाला लोणी लावत म्हणाले. "किल्लीला कॉलर नसते."

अण्णा हे आत्याचे थोरले भाऊ, वय पंच्याहत्तर. त्यांची एक सवय जगजाहीर होती. घरात भांडण लागलं की जो हरत असेल त्याच्या बाजूला जाऊन बसायचं, आणि तो जिंकायला लागला की उठून पलीकडे जायचं. गेला महिनाभर ते आत्याच्या बाजूला बसून होते, यावरून काय ते समजावं.

"सहासष्ट वर्षांची बाई किल्ली लपवते," धाकटी पुतणी म्हणाली. ती शाळेत इतिहास शिकवायची, म्हणून घरात तिला सगळे मास्तरीण म्हणत. "माझ्या वर्गातली पोरं बरी तुझ्यापेक्षा."

"तुझ्या वर्गातल्या पोरांचे कपडे कुणी काचेच्या पेटीत घालायला निघालंय का?"

हा सगळा तंटा त्या नऊ कपड्यांवरून होता. चोवीस वर्षांपूर्वी याच तारखेला, सकाळी आठ बावन्नला, नदीवरचा रेल्वेचा पूल कोसळला आणि या गावातून आठ दहाला सुटलेली गाडी पाण्यात गेली. तेव्हापासून देशभर या दिवशी आठ बावन्नला भोंगा होतो आणि दोन मिनिटं सगळं थांबतं, बसगाड्या काय, बँकेतल्या रांगा काय. लाँड्रीत त्या आठवड्यात धुवायला पडलेले बरेचसे कपडे ज्याचे त्याचे नातेवाईक पावत्या घेऊन, डोळे पुसत घेऊन गेले. नऊ राहिले. वर्ष गेलं, दोन गेली, कुणी आलं नाही. आत्याने काउंटरमागे काचेचं कपाट करून घेतलं आणि ते नऊ त्यात टांगले. दरवर्षी या दिवशी दुकान उघडण्याआधी घरातल्या सगळ्यांनी ते खाली काढायचे, झटकायचे, इस्त्री करून परत टांगायचे. भाषण नाही, फुलं नाही. लाँड्रीवाल्याला जे येतं ते त्याने करावं, असं आत्याचं म्हणणं.

यंदा मास्तरणीने स्मारकाच्या लोकांना पत्र लिहिलं. त्यांना नऊच्या नऊ कपडे हवे होते, नव्या दालनासाठी. गेल्या रविवारी पेपरात फोटोसुद्धा आला: कपाट, नऊ कपडे, प्रत्येकाच्या नंबराची चिठ्ठी. थोरला खूश झाला, कारण कपाटाची जागा मोकळी होणार होती. त्याची बायको, म्हणजे वहिनी, तिने तर त्या जागेचं टेपने तीनदा माप घेतलं होतं. डाग काढणं हे या घरात वहिनीचं खातं, आणि तिला डागांसाठी नवं टेबल हवं होतं. ते तिथे अगदी मापात बसत होतं.

"अहो," वहिनी नवऱ्याला म्हणाली, "खळीच्या डब्यात बघितलंत का?"

आत्याने कप खाली ठेवला. थोरला खाली गेला आणि दोन मिनिटांत शटर वर सरकल्याचा आवाज आला.

"घरभेदी," आत्या वहिनीला म्हणाली.

"आत्या, मागच्या वेळी चष्माही तिथेच लपवला होतात," वहिनीने तिच्या कपात उरलेला चहा ओतला. "दरवेळी तोच डबा काय वापरायचा?"

*

खाली दुकानात प्रत्येकाचा कपडा ठरलेला होता. थोरल्याकडे बँडवाल्याचा लाल डगला, त्याची बटणं पुसायलाच वीस मिनिटं लागत. मास्तरणीकडे एका डॉक्टरचा पांढरा कोट आणि एक हिरवा स्वेटर. वहिनीकडे तीन झगे. अण्णांकडे एक पँट आणि एक पडदा. हो, पडदाच. गिऱ्हाइकाने धुवायला काय टाकावं हे आपल्या हातात थोडंच असतं? अण्णा दरवर्षी त्या पडद्याशी कुस्ती खेळत आणि दरवर्षी पडदा जिंकत असे.

"कुणीतरी एक टोक धरा रे," ते आतून ओरडले. "पडद्यात मीच गुंडाळला गेलो तर मलाही पेटीत घालून नेतील."

आणि नववा कपडा, राखाडी लोकरी कोट, नंबर चारशे सतरा, त्याला आत्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. हा दंडक पहिल्या वर्षापासूनचा. इस्त्रीही ती कोपऱ्यातल्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून करायची. एवढी माया कशापायी, असं घरच्यांना वाटणारच. आत्याने लग्न केलेलं नव्हतं. दुसऱ्याच वर्षी अण्णांनी कोटाला 'मेव्हणे' म्हणायला सुरुवात केली, आणि पोरांनी 'आतोबा'.

"आतोबांना खाली घेऊ का?" थोरल्याने आताही विचारलं.

"हात लावून बघ," आत्या म्हणाली.

"आतोबांची तब्येत कशी आहे यंदा?"

"तुझ्यापेक्षा बरी. त्याच्या पोटावर अजून बटणं लागतात."

ती कोट घेऊन कोपऱ्यात गेली. हसू दे त्यांना, असं तिने तेव्हाच ठरवलं होतं. हसणारी माणसं कोटाची डावी बाजू उलटून बघत नाहीत. डाव्या खिशाच्या खाली इस्त्रीच्या टोकाचा, तळहाताएवढा, तपकिरी चटका होता.

पुलाच्या दिवशी सकाळी तिने तो कोट जाळला होता. शेवटचा हात फिरवत होती आणि अण्णा खिडकी लाव म्हणत होते. ती म्हणत होती, उघडी राहू दे. भांडण चांगलं रंगलं आणि इस्त्री होती तिथेच राहिली. वास आला तेव्हा व्हायचं ते झालं होतं. अण्णा रागारागाने वर निघून गेले, त्यांना वासही आला नाही. आणि पाचच मिनिटांत शटरखालून वाकून तो आत आला. चोवीस-पंचवीसचा पोरगा, नवे बूट, केसांना पाणी लावलेलं. "कोट झाला का? आठ दहाची गाडी आहे."

जी बाई आयुष्यात गिऱ्हाइकाशी खोटं बोलली नव्हती, तिने त्याला पंचवीस मिनिटं झुलवलं. चिठ्ठी सापडत नाही. आतल्या खोलीत असेल. शोधते हां. बसा ना. जाळला, एवढं एक वाक्य तिच्या तोंडातून बाहेर पडेना. शेवटी म्हणाली, संध्याकाळी या. "संध्याकाळी कोट घालून काय मी आरशात बघू?" असं ओरडून तो नुसत्या शर्टावर स्टेशनकडे पळत सुटला. हवा बोचरी होती. थोड्या वेळाने तिला गाडीची शिट्टी ऐकू आली आणि तिला हायसं वाटलं, की ब्याद टळली. त्या हायसं वाटण्याची तिला चोवीस वर्षं लाज वाटत होती. मृतांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, पण यादीच्या तळाशी ओळख न पटलेले तीस जण होते.

आता कोट काचेच्या पेटीत जाणार, त्यावर दिवा लावणार, आणि देशभरातली माणसं वाकून बघणार. बिचाऱ्याने जाताना काय घातलं नव्हतं ते बघा, आणि का घातलं नव्हतं तेही बघा.

"आत्या." मास्तरीण पाठीशी उभी होती, हातात कागदांचा गठ्ठा. "प्रत्येक कपड्याचा एक फॉर्म भरून द्यायचाय. रंग, माप, कापड. आणि शेवटचा रकाना, दोष."

"कसला दोष?"

"फाटलेलं, उसवलेलं, डाग, जे काही असेल ते. तुझा एकच राहिलाय. बघू तो कोट."

"दोष काही नाही. निर्दोष, असं लिही."

"चोवीस वर्षांचा कोट आणि निर्दोष? बघू तरी दे."

"तुला कोटातलं काय कळतं? तू इतिहासातलं बघ."

"हा इतिहासच आहे!" मास्तरणीचा वर्गातला आवाज निघाला. "आत्या, तू ही माणसं एका कपाटात कोंडून ठेवली आहेस. वर्षातून एकदा आपण पाच जण त्यांना बघतो. उद्या आपण पाचही जण नसू, मग? कोण सांगेल?"

पोरगी बरोबर बोलत होती, आणि म्हणूनच आत्याला तिचा जास्त राग आला. तिने कोट छातीशी धरला.

"जबरदस्ती करू नकोस गं," पडद्याआडून अण्णा म्हणाले. "नवराबायकोचं खाजगी आहे ते."

"अण्णा, तू गप्प बस!" आत्या इतक्या जोरात ओरडली की थोरल्याच्या हातातलं ब्रासो सांडलं. चेष्टेवर ती कधी अशी चिडत नसे.

*

वहिनीने झगा हँगरवर चढवला आणि सावकाश तिकडे गेली. या घरात सून होऊन येऊन तिला सोळा वर्षं झाली होती. पहिल्याच वर्षी तिने तो चटका पाहिला होता. आत्या आंघोळीला गेलेली, कपाट उघडं, आणि वहिनीचे डोळे म्हणजे डाग शोधायलाच दिलेले. लोकरीवर जुना चटका, वर कुणीतरी व्हिनेगर लावलेलं, मग लिंबू, मग आणखी काय काय. एखाद्या माणसाने वर्षानुवर्षं एकाच जागी हात फिरवावा तशी तिथली लोकर विरली होती. तिने कोट होता तसा टांगून ठेवला आणि नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. आतोबांवरून सगळे हसत तेव्हा तीही हसायची, जरा जास्तच मोठ्याने.

नवं टेबल तिला मनापासून हवं होतं. गेला महिनाभर ती उघड उघड मास्तरणीच्या बाजूने होती. पण आत्याची पांढरी पडलेली बोटांची पेरं तिला बघवली नाहीत.

"आण तो कागद इकडे," ती मास्तरणीला म्हणाली. "चारशे सतराचा मी भरते. डाग माझं खातं आहे."

"वहिनी, तूसुद्धा? काल तर तू म्हणत होतीस, एकदाचं ते कपाट जाऊ दे."

"कपाट जाऊ दे म्हटलं. आत्यांना जाऊ दे म्हटलं का?"

"म्हणजे तू फितूर झालीस."

"झाले. पेन दे."

आत्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने रकान्याकडे पाहिलं, आत्याकडे नाही. आणि आत्याला कळलं, की हिला ठाऊक आहे. कधीपासून, ते मात्र कळेना.

तेवढ्यात अर्ध्या उघड्या शटरवर कुणीतरी टकटक केलं.

"दुकान बंद आहे," थोरला म्हणाला. "आज दहानंतर."

"मला माहितेय," बाहेरून आवाज आला. "एक कपडा घ्यायचा राहिलाय."

वहिनी पुढे गेली. शटरखालून एक माणूस वाकून आत आला. पन्नाशीला टेकलेला, कानशिलांवर पांढरे केस, काखेत रविवारचा पेपर. त्याने पाकिटातून पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला एक कागद काढला आणि दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवला. वहिनीने नंबर वाचला. मग परत वाचला.

"आत्या," ती वळली, आणि काय बोलावं हे न सुचून तिच्या तोंडून इतक्या वर्षांच्या सवयीने निघून गेलं, "आतोबा आले."

आणि भोंगा वाजला.

आता नियम म्हणजे नियम. आठ बावन्नला इस्त्र्या उभ्या करायच्या, बटणं बंद करायची, आणि असाल तिथे उभं राहायचं. दोन मिनिटं ब्र काढायचा नाही. या घराने हा नियम कधी मोडला नव्हता. एका वर्षी अण्णांना शिंक आली होती, तर त्यांनी ती गिळली आणि आठवडाभर कान दुखतो म्हणून सांगत होते. पण आजच्याइतकी लांब दोन मिनिटं त्या दुकानाने पाहिली नसतील. थोरला पावतीकडे बघत होता. अण्णा डोक्यावर पडद्याचं टोक घेऊन पाहुण्याकडे बघत होते. मास्तरीण मनातल्या मनात हिशेब करत होती, की हा जिवंत असेल तर पेपरात मी 'नऊ मृतांचे कपडे' असं छापून आणलं त्याचं काय? वहिनीला स्वतःची जीभ चावावीशी वाटत होती. पाहुणा मान खाली घालून उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

आत्या फक्त त्याच्या बुटांकडे बघत होती. बूट कोरडे होते. बुडालेल्या माणसाचे नव्हते. तिला एकदम रडू फुटलं, आणि तेही तिने नियमाप्रमाणे आवाज न करता रडून घेतलं.

भोंगा थांबला.

"हे आतोबा?" अण्णांना दम निघेना. "अगं, हा तर आपल्या थोरल्याच्या वयाचा!"

"मग मी काय करू?" आत्याने डोळे पुसले. "लग्न तुम्हीच लावलंत. मला कुणी विचारलं होतं?"

पाहुणा गोंधळून एकेकाकडे बघत होता. थोरल्याने त्याला स्टूल दिलं. आत्या पुढे आली. कोट अजून तिच्या छातीशी होता.

"तुम्ही गाडीत नव्हतात," ती म्हणाली.

"नाही. मी फलाटावर पोचलो तेव्हा शेवटचा डबा पुढे जात होता. हात लावता येईल इतक्या जवळून गेला. पण नाही मिळाली."

"मग एवढी वर्षं कुठे होतात? कळवायचं तरी!" तिचा आवाज चढला. "मी दरवर्षी तुमच्यासाठी..." तिने सरळ कोट काउंटरवर पसरला आणि डावी बाजू उलटून चटका वर केला. "हे बघा. कोट तयार नव्हता ते खोटं. चिठ्ठी हरवली ते खोटं. मी जाळला होता. सांगायची लाज वाटली, म्हणून तुम्हाला ताटकळत ठेवलं. मला वाटत होतं, तुम्ही मला शिव्या देत, थंडीत कुडकुडत गेलात."

थोरला आणि मास्तरीण चटक्याकडे बघत राहिले. अण्णा पडदा सोडून बाहेर आले.

"कधी जाळलास?" ते म्हणाले.

"खिडकी लाव, खिडकी लाव म्हणून डोकं खात होतास तेव्हा."

"म्हणजे मी..." अण्णा खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या बाजूला जावं हे त्यांना समजेना. मग म्हणाले, "खिडकी लावायलाच हवी होती पण."

"आत्या, मी सोळा वर्षांपूर्वी बघितला होता हा डाग," वहिनी हळूच म्हणाली. "व्हिनेगर नको होतं लावायला. लोकर खराब होते त्याने."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते."

पाहुण्याने चटक्यावर बोट फिरवलं. आणि तो हसला. हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं, आणि त्याला रुमाल काढावा लागला.

"हा कोट माझा नाही," तो म्हणाला.

थोरल्याने पावती उचलून परत नंबर वाचला.

"माझ्या मित्राचा आहे. आम्ही एका खोलीत राहायचो. नदीपलीकडे माझी नोकरीची मुलाखत होती आणि माझ्याकडे धड कपडा नव्हता. त्याच्याकडे हा एकच बरा कोट. म्हणाला, घाल. मी आदल्या आठवड्यात घालून बघितला, आरशासमोर उत्तरं पाठ करत होतो, आणि हातातला चहा सांडला. पुढे पुरा ओघळ. त्याला सांगायची लाज वाटली, म्हणून गुपचूप इथे टाकला. पावतीवर नाव माझं."

"चहा निघाला होता," आत्या म्हणाली. एवढ्यातही तिला राहवलं नाही. "आमच्याकडे चहा निघतोच."

"त्या दिवशी तो माझ्यासोबत यायला निघाला होता. मुलाखतीला मी एकटा घाबरेन म्हणून. मी त्याला म्हटलं, तू पुढे हो, खिडकीची जागा धर, माझं जरा काम आहे, मी आलोच. तो तिसऱ्या डब्यात चढला असणार. खिडकीपाशी बसला असणार, शेजारी माझ्यासाठी रुमाल टाकून." त्याने हातातल्या रुमालाची घडी घातली, परत उलगडली. "मी इथे तुमच्याशी भांडत होतो."

आत्याने काउंटरची कड धरली.

"तुम्ही खरं सांगितलं असतंत, की जाळलाय," तो म्हणाला, "तर मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि पाच मिनिटांत स्टेशनवर पोचलो असतो. त्याच्या शेजारी बसलो असतो. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुमचे आभार मानायला यावं तर तो मेलेला. तुम्हाला बोल लावायला यावं तर मी जिवंत. मग आलोच नाही. गाव सोडलं. ही पावती तेवढी टाकवली नाही. रविवारी पेपरात फोटो बघितला. खाली लिहिलेलं, 'मृतांचे कपडे', आणि त्यात चारशे सतरा. म्हटलं, यांना वाटतंय मी गेलो. आणि माझ्या नावाने त्याचा कोट इतकी वर्षं कुणीतरी नीट ठेवलाय. मला राहवेना."

"म्हणजे कोट बरोबर जागीच होता," मास्तरीण पुटपुटली. "गेलेल्यांचे कपडे नऊच होते."

"नऊच होते," पाहुणा म्हणाला.

अण्णांनी घसा खाकरला. "म्हणजे हिशेब असा, की त्या बिचाऱ्याच्या एकुलत्या एका कोटावर याने चहा सांडला, हिने इस्त्री ठेवली, मी खिडकीवरून भांडलो, आणि तिघांनीही त्याला पत्ता लागू दिला नाही. काय कोटाची वाट लावली हो आपण सगळ्यांनी मिळून!"

"त्याला कळलं असतं तर तो हसला असता," पाहुणा म्हणाला. "खूप हसला असता. तसाच होता तो." आणि त्याला आता मोकळं रडू आलं. आत्याने काउंटरची फळी वर केली, त्याला आत घेऊन बसवलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. गिऱ्हाइकाला काउंटरच्या आत घ्यायचं नाही, हा तिचाच नियम होता.

बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला. थोरला उठला.

"सांगू त्यांना, की कोट नाही देणार?" त्याने आत्याला विचारलं. "आठच न्या म्हणतो. एक कपाट काय, राहील कुठेतरी. टेबलाचं बघू नंतर." त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली.

आत्याने पाहुण्याकडे पाहिलं. "तुमचा आहे. म्हणजे त्याचा, आणि त्याच्यामागे तुमचा. घरी न्यायचाय?"

"घरी नेऊन कुठे ठेवू? कपाटात? तिथे तो मलाच दिसेल." त्याने मास्तरणीच्या हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. "याच्यावर त्याचं नाव येईल?"

"येईल की."

"मग जाऊ दे त्याला. माझं खोडा, त्याचं लिहा." त्याने नाव सांगितलं. आत्याने स्वतः पेन घेतलं आणि जुन्या चिठ्ठीवर चारशे सतराच्या पुढे ते ठसठशीत लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसली.

"आणि शेवटचा रकाना?" मास्तरणीने विचारलं. आता तिचा आवाज वर्गातला नव्हता. "राहू दे का कोरा?"

"कोरा कशाला?" आत्या म्हणाली. "लिही. इस्त्रीचा चटका, डावीकडे. माझा. बघू देत सगळ्यांना."

"आणि चहा," पाहुणा म्हणाला.

"चहा काढलाय म्हटलं ना!"

"काढला असला तरी लिहा."

मास्तरणीने दोन्ही लिहिलं. बाहेर हॉर्न परत वाजला. अण्णा शटरपाशी गेले आणि बाहेर तोंड काढून म्हणाले, "जरा थांबा हो. आमचं एक इस्त्रीचं राहिलंय."

आत्याने कोट कोपऱ्यातल्या टेबलावर नेला. यावेळी ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली नाही. तिने इस्त्रीचं बटण सुरू केलं, बोटाला थुंकी लावून टेकवून पाहिलं, कोटावर ओलं फडकं पसरलं. मग इस्त्रीची मूठ पाहुण्याकडे केली.

"मी?" तो म्हणाला. "मला येत नाही."

"शर्ट कोण करतं तुमचे?"

"लाँड्रीत टाकतो."

"शाब्बास," थोरला म्हणाला.

"या इकडे. खांद्यापासून सुरू करा. दाबू नका, फिरवा." आत्याने त्याच्या मनगटाला धरून पहिला हात फिरवून दिला, आणि सोडला. फडक्यातून वाफ निघाली. दोन टेबलांपलीकडे घरातले चौघे गुपचूप उभे होते. "आणि लक्ष द्या," ती म्हणाली. "कुणी हाक मारली तर आधी इस्त्री उचलायची, मग वळायचं."